हौश्याचा सोमवार

दर सोमवारी माझ्या घरात एक धडधाकट माणूस रिकामा असायचा आणि त्याच्यापायी मला जीव नकोसा व्हायचा. कपाटाची बिजागरी चांगली असली तरी ती काढायची, पुसायची, परत बसवायची. डाळीचे डबे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर, दुपारी परत खाली. मग दारात जाऊन गल्ली बघायची, मग गच्ची, मग जिन्यात उभं राहून नुसतंच खाकरायचं. "अहो, बूड टेका की जरा एका जागी!" मी ओरडायची. टेकायचे. चहाचा कप अर्धा व्हायच्या आत परत उठलेले.

हे म्हणजे माझे मालक, ज्योतिबा चौगुले. मल्लेश्वरममध्ये ऑटो चालवतात. आम्ही दोघं निपाणीकडचे. लग्न झालं आणि इकडं बेंगळूरला आलो, ते इथलेच झालो. माझं नाव तानूबाई, पण इथं गल्लीत मला सगळे तानक्का म्हणतात. ह्यांच्या पायाला जन्मापासून भिंगरी. आमच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि हे मांडवाचा सुटलेला दोर बांधायला गेले. मी हातात हार घेऊन उभी! सासरे म्हणाले, "असाच आहे तो, सवय कर." केली, काय करणार?

एवढी वर्षं पेट्रोलची ऑटो चालवली. ती धडधड, ते खड्डे, तो सिल्क बोर्ड चौकातला धूर. कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, आता ह्या गाडीवर बसायचं नाही, नाहीतर एक दिवस उठता यायचं नाही. गाडीही जुनी झाली होती, ती भंगारात गेली. आणि आमचे हे खाटेवर.

ते दिवस आठवायलाही नको वाटतात. माणूस खायचा बंद झाला. बोलायचा बंद झाला. रस्त्यानं ऑटो गेली की आवाजावरून कुठल्या गिअरमधी आहे ते ओळखायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. काही माणसं बसली की विसावतात. हे बसले की वाळायला लागतात. मला खरंच वाटलं होतं, हा माणूस आता काही राहत नाही.

त्यातून आम्हाला वर काढलं ते आमच्या डोक्यावर राहणाऱ्या पोरीनं. प्रणिता तिचं नाव. पुण्याची. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि मल्लेश्वरमच्याच एका लहानशा कंपनीत बॅटऱ्या बनवते. निम्मं मराठी, निम्मं इंग्लिश, पण पोरगी मनानं साफ. एक दिवस जिन्यात थांबून म्हणाली, "काकू, ॲक्च्युअली आम्हाला टेस्टिंगसाठी ड्रायव्हर हवेत. काका येतील का? इलेक्ट्रिक ऑटो आहे, अजिबात धडधडत नाही."

मी म्हटलं, आधी मला सांग, त्यात वेगळं काय आहे? उगीच कुठं फुटलीबिटली तर?

"नाही फुटत हो. बॅटरीत कोबाल्ट, निकेल असले महाग धातू लागतात. ते बाहेरून आणायचे, म्हणून बॅटरी महाग. आम्ही त्याऐवजी कार्बनचा एक पदार्थ घातलाय, झाडापासून काढलेल्या रंगात असतो ना, तसला. स्वस्तात बनतो. प्रॉब्लेम एकच, तो आतल्या द्रवात हळूहळू विरघळून निघून जातो. मग आम्ही त्याला लोखंडाच्या क्षाराच्या जाळीत अडकवून ठेवतो."

"म्हणजे पुरण आणि पारी," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली काकू!" ती एवढ्यांदा हसली की हे खाटेवरून उठून दारात आले. "पुरण बाहेर आलं की पोळी संपली. ते आत किती दिवस राहतं, एवढंच बघायचंय."

ठरलं ते असं. पाच ऑटोंना ह्या बॅटऱ्या बसवायच्या, पाच जणांनी रोज चालवायच्या. वर्षभर दम धरला तर कंपनी हे काम पुढं नेणार आणि ऑटो ह्यांच्याकडंच राहणार. नाही धरला तर काम बंद, ऑटो परत. ऑटो परत म्हणजे आमचे हे परत त्या खाटेवर. मी त्या दिवशी देवाला नारळ बोलले. कुठल्या देवाला ते सांगत नाही, अजून फोडायचा राहिलाय.

पहिल्याच दिवशी हे एक भाडं घेऊन थेट विमानतळापलीकडच्या देवनहळ्ळीला जाऊन आले. येताना तिथलं भलंमोठं पपनस आणलं. "आवाजच नाही गं तिला! मीच तोंडानं आवाज काढत गेलो." त्या दिवसापासून ह्यांचा रिवाज झाला, देवनहळ्ळीला गेलं की पपनस. घरात पपनस आलं की मी समजायची, बॅटरी खुशीत आहे.

आता सोमवाराचं सांगते. बॅटरी कशी जपायची ते प्रणिता ह्यांना समजावत होती. "काका, भरताना ती आतून फुगते, रिकामी होताना आकसते. श्वास घेतल्यासारखं. एकदम रेस नका करू. दमते ती."

"दमते?" हे एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बघते तर सीटखालच्या त्या पेटीला हळदकुंकू लावलेलं आणि हे तिच्याशी बोलतायत. हौश्या म्हणत होते तिला. हौश्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचा उजवीकडचा बैल. त्याच्या आठवणीनं हे अजून हळवे होतात. पुढच्या सोमवारी सकाळी ऑटो दारात, हे घरात.

"काय हो, बरं वाटत नाही?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग ऑटो?"

"सोमवार आहे."

आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. पेरणीची घाई असू दे, पाऊस डोक्यावर येऊ दे, सोमवारी बैल गोठ्यात. मला माहीत होतं की, मीही त्याच मातीतली. पण बॅटरीला?

"पेट्रोलच्या गाडीला कधी दिलात सोमवार?"

"ते यंत्र होतं. हे दमतंय. शिकलेली पोरगी सांगतीय."

माझं डोकंच फिरलं. "बैलाला सोमवार, बॅटरीला सोमवार. मला कुठला वार हो?"

"तुला कोण जुंपतंय?" म्हणाले, आणि माझ्या हातात उलथनं बघून गच्चीवर पळाले.

असे सोमवार सुरू झाले. ह्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही त्यांना. बैलाला सोमवारी जुंपलं नाही हे कुणी जाऊन सांगतं का? आणि प्रणितालाही कळायला मार्ग नव्हता. सोमवारी ती सकाळीच जायची. ती मोजायची ते बॅटरी किती वेळा भरली आणि किती वेळा रिकामी झाली. वार कुठला, हे तिच्या आकड्यांत नव्हतंच.

गणपती झाले, दसरा झाला. एक दिवस के. आर. पुरमचा नागराज आला. तोही ह्या पाचांतलाच, तोंडाळ पण जिवाचा गडी. दारातूनच ओरडला, "अक्का, स्वल्प पाणी द्या! भर हँगिंग ब्रिजवर बंद पडली हो. मागं सगळे हॉर्न मारतायत, पुढं पोलीस, मधी मी!" त्याची बॅटरी निम्म्यावर आली होती. उरलेल्या तिघांचीही तीच रड. हौश्या मात्र टुणटुणीत. आमच्या घरात पपनसाच्या साली वाळत होत्या.

त्या दिवसांत वर प्रणिता येरझाऱ्या घालायची आणि खाली हे. माझ्या डोक्यावर पावलं, माझ्या पुढ्यात पावलं. मी मधी भाकरी थापतेय. म्हटलं, बाई गं, सगळं घरच फिरायला लागलं की काय! पोरगी वाळली होती. तिचे साहेब हयवदन सर, चांगला माणूस पण भलता घाईचा, त्यांनी तिला सांगून टाकलं होतं की हे असंच राहिलं तर काम गुंडाळायचं.

आणि एका रविवारी ती धावत खाली आली. चेहरा फुललेला. "काका! तुमचा बॅटरी पॅक होल्ड करतोय, टिकलाय! पाचातला एकच! सर उद्या गेस्टना आणतायत, पैसे लावणारी मंडळी आहेत. एअरपोर्टवरून येतील, तुमच्याच ऑटोत बसवून फिरवायचंय."

"उद्या नको," हे म्हणाले.

"का? बरं नाही का तुम्हाला?"

"उद्या सोमवार. त्याचा सुट्टीचा वार."

"कोणाचा?"

ह्यांनी दाराबाहेर ऑटोकडं बोट दाखवलं. प्रणिता हसली. मग ह्यांचं तोंड बघून हसायची थांबली. "प्रत्येक सोमवारी? पहिल्यापासून?"

"बेंदरालाही," हे म्हणाले. "बैलांचा सण. बेंदूर बुधवारी होता."

ती तशीच पायरीवर बसली. पोरीचा रंगच उतरला. "काका, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं ना! बाकीचे सातही दिवस चालवतात. म्हणजे तुमचा पॅक चांगला आहे, की तो फक्त आराम केल्यामुळे टिकलाय, हे आता सांगताच येणार नाही. सगळी टेस्ट गेली माझी!"

"तूच म्हणालीस, दमते."

"अहो, ती बोलायची पद्धत असते!"

तेव्हा मात्र मी मधी पडले. इतके दिवस मीच ह्यांची टिंगल करत होते, पण ह्यांचा एवढासा झालेला चेहरा मला बघवेना. "पोरी, आमच्यात दमला म्हणजे दमला. ती बोलायची पद्धत नसते," मी म्हटलं. मग ती रडायला लागली, आणि मी तिला जेवायला वाढलं. दुसरं काय करणार?

पोरीनं ते झाकलं नाही. झाकलं असतं तर पाहुण्यांना कळलंही नसतं. तिनं हयवदन सरांना सगळं सांगितलं. सरांनी पाहुण्यांना नको म्हणून कळवलं, मग म्हणे तिच्यावर आवाज चढवला. दोन दिवसांनी दोघं आमच्या घरी आले. सरांना मराठी थोडं कळतं, बोलता येत नाही. बोलली प्रणिताच.

नागराज आणि बाकीच्या तिघांना नव्या बॅटऱ्या द्यायच्या, अगदी तसल्याच, आणि त्यांना सोमवारी सुट्टी. आणि हौश्याची सुट्टी बंद.

"बंद म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"सातही दिवस चालवायचा. तो तसाही टिकला, तर बॅटरीच चांगली. आणि बसत गेला, तर आरामानं फरक पडतो हे सिद्ध होईल. मग आम्ही सगळ्याच बॅटऱ्यांना तशी सवय लावू. काहीही झालं तरी काम बंद होणार नाही काका. तुमची ऑटोही जाणार नाही. पण ते ह्याच पॅकवर बघायला हवं. आरामाची सवय झालेला हा एकच आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

प्रणिता खाली बघायला लागली. हयवदन सर कानडीत हळू आवाजात म्हणाले, मग दुसऱ्या ड्रायव्हरला देऊ. तुमच्यावर जबरदस्ती नाही.

त्या दिवशी हे चालले, देवा, किती चालले! दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. दिवे लागले तेव्हा वर जाऊन प्रणिताचं दार वाजवलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हाती नको. मीच चालवतो."

पहिला सोमवार. ऑटो पुसली, काच पुसली, परत काच पुसली. सीट उचलून पेटीवर हात ठेवला. ओठ हलले, काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मग गेले. मी घरात आले. सोमवार आणि घरात कुणाची लुडबूड नाही, ह्यासाठी मी किती तोंड वाजवलं होतं! डबे जागच्या जागी. कपाट जागच्या जागी. मला ते घर खायला उठलं.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग एकदा येताना पपनस नव्हतं. "बाजारातच नव्हतं," म्हणाले. खोटं बोलता येत नाही ह्यांना, कान लाल होतात. पुढं कळलं की देवनहळ्ळीचं भाडं घेणंच बंद केलंय. निम्म्या वाटेवरच्या येलहंकापर्यंतच जायचे. मग त्याच्याही अलीकडं, हेब्बाळपर्यंतच. मग तेही नको वाटायला लागलं. चढ आला की हे खाली उतरून ढकलायला बघायचे. प्रणितानं तंबी दिली, "काका, चीटिंग नाही हं." तर म्हणाले, "ढकलत नाही गं, नुसता हात लावतो."

आणि माणूस शांत होत चालला. संध्याकाळी घरी यायचे आणि बसायचे. नुसते बसायचे. चहा गार व्हायचा, तरी तिथंच. बिजागरीला हात नाही, डब्याला हात नाही. जन्मभर मी ज्यासाठी ओरडत आले ते ह्यांनी आपणहून केलं, आणि मला भीती वाटायला लागली. खाटेवरचे ते दिवस परत दिसायला लागले. एकदा मीच म्हटलं, "अहो, तो वरचा डबा खाली काढा की." काढला. आणि परत जाऊन बसले.

"सोडून द्या हो," मी म्हटलं. "सांगते मी पोरीला. दुसरा कुणी चालवेल."

"दुसरा त्याला मारून मुटकून नेईल," हे म्हणाले. "माझ्या हाताखाली आहे तोवर हळू तरी जातोय."

संक्रांतीच्या आसपास एका रविवारी दुपारी फोन आला. "आठव्या क्रॉसला, बाजारात आहे. ये." एवढंच. मी आहे त्या चपला घालून निघाले. तीळ, ऊस आणि फुलांच्या गर्दीत एका कडेला ऑटो उभी, आणि हे मागच्या सीटवर बसलेले. भाडं बसतं तिथं. इतक्या वर्षांत मी ह्यांना मागच्या सीटवर कधी पाहिलं नव्हतं.

"संपला गं," म्हणाले.

मी शेजारी बसले. आजूबाजूला लोक उसाला भाव करतायत, पोरं पतंगाला दोरा मागतायत. मला रडू फुटलं. एका बॅटरीसाठी! स्वतःचीच लाज वाटली, पण थांबेना.

नागराज आला, त्याच्या ऑटोला दोर बांधून आम्हाला ओढत घरी आणलं. त्याची नवी बॅटरी, सोमवारी आराम करणारी, झकास चालली होती. बाकीच्यांचीही. वाटेत तो सारखा मागं वळून दोर बघत होता. घरी सोडून जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, सरी. सरी, ठीक आहे सगळं," आणि गेला.

संध्याकाळी प्रणिता आली. तिच्याकडं सगळं स्पष्ट होतं. आरामाशिवाय हौश्या ज्या वेगानं बसत गेला, तो वेग त्या पहिल्या चार बॅटऱ्यांचाच. आराम दिला की पुरण पारीत राहतं, न दिला तर गळतं. का राहतं ते अजून शोधायचंय, पण राहतं एवढं नक्की. सरांनी काम पुढं न्यायचं ठरवलं होतं. पाहुणेही परत यायला तयार होते. आणि ह्यांना नवी बॅटरी मिळणार होती, सोमवारी आपोआप बंद राहणारी.

"काका, हे तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. "तुमच्या सोमवारमुळे."

हे मान खाली घालून बसले होते. "त्याचं काय करणार?"

"लॅबमध्ये नेते. उघडून बघायला लागेल ना, आत किती गळलंय ते."

"उघडून म्हणजे कापून."

"हो, काका."

हे उठले, सीट उचलली, स्वतः पेटी बाहेर काढली. कंबर दुखते म्हणून मी पुढं झाले तर मला हात लावू दिला नाही. फडक्यानं ती पुसली. हळदकुंकवाचा डाग राहिला होता तो तेवढा ठेवला. कंपनीच्या माणसाच्या गाडीत पेटी ठेवली आणि दाराला धरून उभे राहिले. गाडी सुरू झाली तरी दार सोडेनात.

"उद्या सोमवार आहे," म्हणाले. "उद्या नको फोडूस. मंगळवारी फोड."

प्रणितानं हो म्हणून मान हलवली.

सोमवारी दिवसभर हे तिथंच, दाराशी. जेवण अर्धं टाकलं. मी दोनदा उगीच भांडण काढून बघितलं, भांडलेही नाहीत. दिवे लागायच्या वेळी प्रणिता कामावरून आली आणि वर न जाता सरळ आमच्या दारात थांबली. आम्ही काही विचारलं नव्हतं.

"काका, टेबलावर ठेवलाय," म्हणाली. "आज कोणी हात लावला नाही. सरांनी पण नाही. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी."

ह्यांनी मान डोलावली. ती वर गेली. मग हे उठले, खोलीत एक चक्कर मारली, आणखी एक मारली, आणि कपाटासमोर जाऊन ती चांगली असलेली बिजागरी बोटानं हलवून बघायला लागले.

मी काही ओरडले नाही. स्क्रूड्रायव्हर शोधला आणि ह्यांच्या हातात दिला.